तुपाच्या डब्याचं इंजिन आणि जिजावहिनींचं आधण

पत्रा कापायला बसलं की त्याचे बारीक तुकडे कुठे कुठे जाऊन पडतात. कितीही झाडा, पुन्हा कधीतरी बाजेखालून निघतात, चपलेतून निघतात, एकदा तर भाकरीच्या टोपल्यातून निघाले. आमच्या छोट्या गाडीचे किस्सेही तसेच आहेत. सगळे सांगून झाले असं वाटतं, आणि तेवढ्यात कुणीतरी विचारतं, "अरे, तो बकरीचा सांगितलास का?" म्हणून आज हाताला लागतील तेवढे सांगून टाकतो.

साठ-सत्तरच्या दरम्यानची गोष्ट. मी बालाघाट स्टेशनवर बुकिंग क्लार्क होतो. तेव्हा आमच्याकडे सगळी छोटी लाइन. छोटे रूळ, छोटे डबे आणि कोळशावर चालणारी छोटी इंजिनं. कटंगीच्या गाडीवर शामराव ड्रायव्हर होते. उंच, काळेभोर, बोलायला कमी आणि नियमाला पक्के. रिटायर व्हायच्या आत आपल्या इंजिनाची हुबेहूब छोटी प्रतिकृती करायची आणि ती गावी घेऊन जायची, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. 'हुबेहूब' हा शब्द त्यांचा. त्या एका शब्दाने आमचा किती जीव घेतला, ते पुढे कळेलच.

शामरावांच्या क्वार्टरच्या मागच्या पडवीत आमचा कारखाना. कारखान्यात आम्ही चौघं: शामराव, नामदेव टेलर, उस्मानभाई घडीवाले आणि मी.

आणि घरात जिजावहिनी, म्हणजे शामरावांच्या मंडळी. त्या घरात घड्याळ नव्हतं. संध्याकाळी कटंगीहून येताना शामराव वैनगंगेच्या पुलावर भोंगा वाजवायचे. तो ऐकला की वहिनी चुलीवर भाताचं आधण ठेवायच्या. गाडी स्टेशनात लागून, इंजिन शेडमध्ये जाऊन, शामराव चालत घरी येईपर्यंत भात उतरलेला असायचा. गाडी लेट तर भात लेट. दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरने भोंगा वाजवला तर वहिनी जागच्या हलायच्या नाहीत. आणि दारात आलेल्या नवऱ्याला त्यांचं रोजचं एकच वाक्य, "आंगाले कोयसा लागला हाय, पयले हातपाय धुवा."

* * *

पहिला प्रश्न मापाचा. नामदेव म्हणाला, "माप घ्याले मी हावो ना! अख्ख्या बालाघाटचं माप घेतो, एका इंजनाचं नाही घेनार?"

शेडमध्ये इंजिन थंड उभं होतं. नामदेवने गळ्यातली टेप काढली आणि सुरू झाला. मी लिहून घेत होतो. चिमणीला टेप गुंडाळून तो ओरडला, "गळा!" बॉयलरला गुंडाळून, "कमर!" ड्रायव्हर उभा राहतो त्या केबिनच्या पाठीवरून टेप ओढून, "खांदा!" शेडमधले खलाशी, म्हणजे इंजिनं पुसणारे कामगार, काम सोडून बघायला आले. नामदेवने एकदा सवयीने इंजिनालाच सांगितलं, "सरळ उभे राहा जी."

चाकं आम्ही शिलाई मशीनच्या बॉबिनची करणार होतो, तीही नामदेवच्याच दुकानातली. खऱ्या चाकाच्या मानाने बॉबिन जितकी लहान, तितकंच बाकी सगळं लहान करायचं, असा हिशेब ठरला. वनस्पती तुपाचे डबे कापून पत्रा काढला, डाग दिले, गार्डच्या जुन्या कोटाचं पितळी बटण बॉयलरवर घुमट म्हणून बसवलं. इंजिन उभं राहिलं. केबिन दोन्हीकडून चाकांच्या बाहेर लोंबत होती, बॉयलर फुगलेला. थोरल्या भावाचा कोट घालून धाकटा शाळेत निघाला आहे, असं ते ध्यान!

शामरावांनी नामदेवकडे पाहिलं. "काय केलं गा हे?"

"काही नाही केलं. थोडं थोडं लूज धरलं सगळीकडं."

"इंजनाले लूज?"

"सवय हाय ना जी," नामदेव म्हणाला. "पुढं आंग भरते!"

* * *

दुसरं इंजिन नीट झालं. आता ते चालवायचं कसं? उस्मानभाईंनी एका गजराच्या घड्याळाची स्प्रिंग काढून बॉयलरच्या पोटात बसवली. चावी दिली की इंजिन लाकडी फळीवरच्या रुळांवरून पळायचं. फळीच्या या टोकाला बालाघाट, मग वैनगंगेचा पूल, मध्ये वारासिवनी, त्या टोकाला कटंगी.

काय चालायचं! कधीही सोडा, ठरल्या वेळेत कटंगी. उस्मानभाई एका हातात घड्याळ धरून बघायचे आणि खूश व्हायचे. आम्हीही टाळ्या वाजवायचो. फक्त शामराव मान हलवायचे.

"हे आपली गाडी नाही," ते म्हणाले.

"क्यों, क्या कमी है?"

"वारासिवनीले पानी घ्याव लागते. मंग मालडबा काढते, मंग कोनी मोठा मानूस येऊन राह्यला असन तं त्याच्यासाठी थांबते. हे तं थांबतच नाही."

उस्मानभाईंनी पुष्कळ समजावलं की शामराव, ही तर चांगली गोष्ट आहे. पण हुबेहूब म्हणजे हुबेहूब! शेवटी बिचाऱ्यांनी इंजिन पुन्हा खोललं. डोळ्याला भिंग लावून, आत एक दात्याचं चाक वाढवून, गाडी वारासिवनीला आपोआप अडकून उभी राहील आणि मर्जीने सुटेल अशी करामत केली. घाम पुसत म्हणाले, "जिंदगी भर लोगों की घड़ियाँ ठीक कीं. लेट करना आज पहली बार सीखा!"

ही बातमी बाजारात पसरली. त्यानंतर कुणाचं घड्याळ मागे पडलं की लोक उस्मानभाईंच्या दुकानासमोर उभे राहून विचारायचे, "क्यों भाई, इसमें भी वारासिवनी डाल दिया क्या?"

* * *

आता तो बकरीचा.

नामदेवला डोंगर हवा होता. डोंगर आणि त्यातून बोगदा. "बोगद्याबिगर काहाची गाडी!" असं त्याचं म्हणणं. शामरावांचं म्हणणं, कटंगी लाइनवर बोगदा नाही, डोंगरही नाही. पडवीत यावरून अशी भांडणं झाली की वहिनींना मध्ये पडावं लागलं. त्यांनी निवाडा दिला, "डोंगर राहू द्या, पन गाडी बाजूनं जाईन." त्यामुळे ज्याच्या अंगावरून गाडी जात नाही, पोटातूनही जात नाही, नुसता उभा राहून गाडी बघतो, असा डोंगर आमच्याकडे झाला.

तो केलाही वहिनींनीच. माती, राइस मिलमधला कोंडा आणि भाताची पेज. थापून थापून मोठा सुंदर केला. नामदेवने हिरव्या चिंध्यांची झाडं करून वर टोचली.

पडवीचं छप्पर गळकं. पावसाळ्यात डोंगरावर पाणी टपकत राहिलं. एक दिवस बघतो तर काय, कोंड्यात राहिलेले धानाचे दाणे रुजून डोंगर खरोखरचा हिरवा झालेला! असा हिरवा की नामदेवच्या चिंध्यांना लाज वाटावी. नामदेव तर वेडाच झाला. येईल त्याला हात धरून पडवीत न्यायचा, "पाहा, सीनरी! लावावी नाही लागली, आपनहून आली!"

ज्यांना ज्यांना त्याने दाखवली, त्यात शेजारच्यांची बकरीही असावी. दुपारी कुणी नसताना ती आली आणि तिने तो डोंगर वरून खालपर्यंत खाल्ला. पेजेची चव लागल्यावर मातीसुद्धा चाटली. उरला तो एक चपटा ढीग. बकरीने रुळांना मात्र तोंड लावलं नव्हतं, हे सांगायला हवं.

नामदेव डोक्याला हात लावून बसला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

शामराव ड्युटीवरून आले. त्यांनी ढीग पाहिला, बकरी पाहिली, आणि पुष्कळ महिन्यांनी पहिल्यांदा हसले. "काहून रडतं बे? आता बराबर झालं. आपल्या लाइनवर डोंगर हाय कुठं?"

* * *

आमच्या गाडीची कीर्ती वरपर्यंत गेली. तपासणीला आलेल्या एका मोठ्या साहेबांनी विचारलं, "वो छोटी गाड़ी कहाँ है?" आणि थेट शामरावांच्या पडवीत आले. खुर्ची मांडली, वहिनींनी चहा केला.

आता आमचा एक नियम होता. लाइन एकेरी. समोरच्या स्टेशनने लाइन मोकळी असल्याचा इशारा दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही. बालाघाटचा स्टेशन मास्तर मी. वारासिवनीचा नामदेव. त्याच्या टोकाला सुतळी होती, त्याने ती ओढली की माझ्याकडची घंटी वाजायची, मग मी हिरवी चिंधी दाखवायची आणि शामरावांनी इंजिनाची कळ दाबायची.

साहेब म्हणाले, "चलाओ भाई."

घंटी वाजेना. कारण वारासिवनीचे स्टेशन मास्तर एका बाईंचा ब्लाऊज द्यायला दुकानात गेले होते.

साहेब वाट बघून म्हणाले, "क्या हुआ?"

मी म्हटलं, "साहब, लाइन क्लिअर नहीं मिली."

"अरे, मॉडल है ये!"

शामराव कळीवर बोट ठेवून ताठ उभे होते. समोर बघतच म्हणाले, "साहब, मॉडल है. पर लाइन तो सिंगल है."

साहेबांनी एकदा शामरावांकडे, एकदा इंजिनाकडे पाहिलं. त्यांनी चहा संपवला. मग जरा नरमून मला विचारलं, "कितना टाइम लगेगा?"

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अभी बता नहीं सकते साहब, खिड़की पर पूछिए."

आणि ती खिडकी माझीच होती!

* * *

इंजिन झालं, रूळ झाले, इंजिनामागच्या टेंडरमध्ये खऱ्या कोळशाचा चुरा भरला. शामरावांनी वहिनींना बोलावून दाखवलं. वहिनींनी पदराला हात पुसले, वाकून चहूबाजूंनी पाहिलं.

"छान हाय," त्या म्हणाल्या. "पन तुमचं इंजन म्या कधी जवयून पायलं हाय का? मले तं त्याचा भोंगा मालूम. भोंगा वाजवा, मंग सांगीन तुमचं हाय का नाही."

बरोबरच होतं! वर्षानुवर्षं ज्या बाईने इंजिन फक्त कानाने ओळखलं, तिला बटणाचा घुमट दाखवून काय उपयोग? शामरावांचा चेहरा पडला. त्या दिवसापासून आमच्यापुढे एकच काम राहिलं, भोंगा. परीक्षा सोपी होती. वहिनी आत चुलीपाशी. आम्ही पडवीत भोंगा वाजवायचा. त्यांनी आधण ठेवलं तर पास.

नामदेवने बासरी तोडून आणली. आतून आवाज आला, "गुराखी आला का?"

उस्मानभाईंनी रबरी बाहुलीतली शिट्टी काढून बसवली. आतून, "मांजर कोनाच्या पायाखाली आलं वो?"

मग उस्मानभाईंनी मनावर घेतलं. तांब्याच्या नळ्या कापून, जोडून, घासून एक भोंगा केला, तो फळीवरच्या पुलाखाली बसवला आणि त्याला सायकलचा पंप जोडला. काय आवाज! हुबेहूब तोच, फक्त लहान. मी ऐटीत पंप दाबला. आत भांड्याचा आवाज झाला. आम्ही दाराकडे कान लावले. पण भांडं पुन्हा खाली ठेवल्याचं ऐकू आलं.

वहिनी दारात आल्या. "भोंगा बराबर हाय. हात त्यायचा नाही. ते दोन लहान देते, मंग एक लांब, आन् शेवटी जरासा मोडते."

आता काय अडचण? ज्यांचा हात ते समोरच बसलेले! आम्ही पंप शामरावांपुढे सरकवला.

"दोन लहान, एक लांब, शेवटी मोडायचा," मी म्हटलं.

"मी?" शामराव चकित झाले. "मी नाही मोडत. मी तं नियमानं वाजवतो."

"वाजवा तर खरं."

शामराव ताठ बसले. सलाम ठोकावा तसा हात पंपावर ठेवला आणि वाजवला. सरळ, स्वच्छ, नियमाप्रमाणे.

आतून वहिनी म्हणाल्या, "हा कोनता नवा ड्रायव्हर हाय वो?"

त्यानंतर त्यांनी किती वेळा वाजवून पाहिला! जितका प्रयत्न करत तितका बिघडत जाई. स्वतःचाच भोंगा स्वतःला येत नाही म्हणून रागावलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

* * *

शामराव रिटायर झाले. शेवटच्या दिवशी पुलावर त्यांनी भोंगा वाजवला आणि वहिनींनी आधण ठेवलं. हार, फोटो, भाषणं झाली. भाषणांमुळे त्या दिवशी भात मात्र गार खावा लागला. मग ती दोघं किरनापूरच्या पलीकडे आपल्या गावी राहायला गेली. गाडी, फळ्या, पूल, सगळं बसच्या टपावर बांधून नेलं. त्या गावात रेल्वे नाही.

काही महिन्यांनी शामराव कामासाठी बालाघाटला आले, ते माझ्या खिडकीवर. गालफडं बसलेली.

"तब्येत बरी नाही का?"

"भात बिघडला बाबूजी," ते म्हणाले. "एक दिवस कच्चा, एक दिवस गिचका. तिले वेळच समजत नाही."

उस्मानभाईंनी लगेच एक चांगलं घड्याळ बांधून दिलं. पुढच्या खेपेला ते परत आलं, वहिनींच्या निरोपासकट, "घड्याय पाहून रांधाले मी का हाटेल चालवून राह्यली?"

आम्ही हसलो. शामराव हसले नाहीत. खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "भाताचं नाही बाबूजी. संध्याकाय झाली का ती चुलीपुढं कान देऊन बसते. मी समोर बसून असतो, तरी. अजून मी घरी आलोच नाही, असं वाटते मले."

मी हातातली तिकिटं खाली ठेवली. मागे तिकिटाची रांग लागली होती.

* * *

पुढच्याच रविवारी आम्ही तिघं त्यांच्या गावी गेलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, सारवलेलं अंगण, अंगणात विहीर. गाडी अंगणातच मांडली. उस्मानभाईंनी स्प्रिंगला तेल दिलं, पंपाचं वायसर बदललं. मग सुरू झालो.

नामदेवने वाजवला. आतून, "नामदेवभाऊ."

मी वाजवला. आतून, "बाबूजी."

उस्मानभाईंनी तर डोळे मिटून, अंदाज घेऊन, दोन लहान, एक लांब, शेवटी मोडून अगदी बेतशीर वाजवला. आतून, "उस्मानभाईजी, चहा ठेवू का?"

शामरावांनी वाजवला. आतून काहीच नाही.

आम्ही नाद सोडला. चहा प्यालो. ऊन उतरायला लागलं. शामराव फळीशी बसून उगाच इंजिनाला चावी देत होते आणि मला एका वर्षीच्या ओल्या कोळशाची गोष्ट सांगत होते. "वाफच धरे ना बाबूजी. पाठीमागं डबे भरलेले, लोक बाजार करून आलेले. फायरमन रडाले आला. मी त्याले म्हटलं, थांब, पूल दिसू दे, पूल दिसला का आपन घरी..."

इंजिन वारासिवनीला अडकून सुटलं होतं आणि पुलावर येत होतं. बोलता बोलता शामरावांचा हात पंपावर गेला. दोन लहान. मग एक लांब. शेवटी जरासा मोडला.

ते पुढे बोलतच होते, "...मंग त्याच्या हातचं फावडं घेतलं आन् म्याच कोयसा टाकाले लागलो..."

आत बांगड्या वाजल्या. पातेल्यात पाणी पडलं. नामदेव ओरडणार होता, उस्मानभाईंनी त्याचा हात दाबला. कौलांतून धूर निघाला. शामरावांची गोष्ट काही संपेना, आणि आमच्यापैकी कुणाला ती संपायला नको होती. हळूहळू अंगणात भाताचा वास आला.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. शामराव दुपारपासून तिथेच बसलेले होते, अंगात परीटघडीचा सदरा, पांढरंशुभ्र धोतर.

"आज लयच लेट झाली गाडी," वहिनी म्हणाल्या. "आंगाले कोयसा लागला हाय, पयले हातपाय धुवा."

शामरावांनी आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, आणि ते उठून विहिरीकडे गेले.